सुई टोचली, नोंद झाली नाही: रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातलं आहे. रुग्णालय किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत; घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत. संसर्ग नियंत्रण समितीने त्या वेळी एक छोटा चौकशी गट नेमला होता, त्यात मी होते.

डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ रुग्णालयाच्या पगारपत्रकावर होते. सफाई एका कंत्राटदाराकडे होती, लॉन्ड्री दुसऱ्याकडे. सफाईचं काम तीन पाळ्यांत चालायचं आणि ते करणाऱ्यांत बायकाच जास्त. वय काहीही असो, वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणत. हजेरीला कंत्राटदाराचा मुकादम असायचा, तोही दिवसाच. रात्री त्यांच्यावर देखरेख करणारं असं कोणी नसे. सकाळी जाताना हजेरीपटावर सही करायची, एवढाच त्यांचा मालकाशी संबंध.

वॉर्डातला कचरा बांधायचा, पिशव्या ट्रॉलीत घालून तळघरात न्यायच्या, फरशा आणि मोऱ्या धुवायच्या, हे रोजचं काम. यातला सर्वांत मोठा धोका म्हणजे कचऱ्यात आलेली वापरलेली सुई. इंजेक्शन देताना परिचारिकेच्या हाताला सुई लागली तर ती कोणत्या रुग्णाची होती हे निदान कळतं, त्या रुग्णाची तपासणी करता येते. पिशवीतून टोचलेल्या सुईबद्दल काहीच कळत नाही. ती सुई प्रयोगशाळेत पाठवूनही उपयोग नसतो, तशी तपासणी विश्वासार्ह मानली जात नाही.

धोका किती, हे थोडक्यात सांगते. हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार) असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर लागण होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के धरली जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान 7 दिवस तग धरतो. म्हणजे ‘सुई कोरडी होती’ या दिलाशाला काही अर्थ नाही. आणि ज्या आजाराची शक्यता एवढी मोठी, त्यावर लस 1980च्या दशकापासून उपलब्ध आहे. पहिला डोस, दुसरा त्यानंतर एक महिन्याने, आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. परिचारिकांना ती नोकरीवर रुजू होतानाच मिळायची. मावशींना मिळत नव्हती, आणि ती आपल्यालाही मिळायला हवी हे त्यांना कोणी सांगितलेलंही नव्हतं.

प्रश्न समोर कसा आला

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या एका मावशींनी पहाटे इन्चार्ज सिस्टरना विचारलं, “सिस्टर, सुई टोचली तर त्रास किती दिवसांनी सुरू होतो हो?”

सिस्टरना आधी वाटलं, सहज विचारतायत. मग त्यांचं लक्ष पोटरीला बांधलेल्या चिंधीकडे गेलं.

“कधी टोचली, मावशी?”

“आज चौथा दिवस.”

झालं होतं असं. त्या रात्री ट्रॉलीचं एक चाक अडकत होतं. मावशींनी दोन पिशव्या हातातच घेतल्या आणि जिन्याने उतरू लागल्या. पिशव्या काठोकाठ भरलेल्या, त्यामुळे चालताना पायाला घासत होत्या. दोन-चार पायऱ्या उतरल्यावर पोटरीत चरकन काहीतरी गेलं. खाली उजेडात पाहिलं तर प्लास्टिक फाडून सुईचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी मोरीवर जाऊन जखम दाबून दाबून रक्त काढलं, वर फरशी पुसायचं जंतुनाशक ओतलं, चिंधी बांधली आणि उरलेल्या मजल्याचा कचरा उचलला. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चाने धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. त्यांच्या हिशेबी उपचार पूर्ण झाला होता. चौथ्या दिवशी अंग मोडून आलं, तेव्हा मनात शंका आली.

खरं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, बस्स. दाबून रक्त काढल्याने संसर्ग टळतो असा पुरावा नाही, आणि फरशीच्या जंतुनाशकाने कातडी भाजते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचा या विषाणूंशी काही संबंध नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू करायची असतात. पुढे ती 28 दिवस घ्यावी लागतात. ती मुदत उलटून गेली होती. हिपॅटायटिस बीसाठी मात्र अजून वेळ होता. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन, पहिल्या 24 तासांत दिलेलं उत्तम, पण सुई टोचल्यापासून 7 दिवसांपर्यंत देता येतं. ते आणि लसीचा पहिला डोस असं दोन्ही त्याच सकाळी दिलं गेलं. हिपॅटायटिस सीवर लसही नाही आणि टोचल्यानंतर घ्यायचं प्रतिबंधक औषधही नाही; ठरावीक अंतराने रक्त तपासत राहायचं, आणि लागण झालीच तर आता त्यावर गुणकारी गोळ्या आहेत.

समितीच्या बैठकीत प्रशिक्षणाची फाइल उघडली गेली. घटनेच्या काही आठवडे आधीच सफाई कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं होतं. हजेरीच्या यादीत या मावशींची सही होती. शेवटी घेतलेल्या लहानशा परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी गुण होते. ‘सुई टोचल्यास काय कराल?’ या प्रश्नाला त्यांनी ‘ताबडतोब वरिष्ठांना कळवीन’ यावर खूण केली होती.

“शिकवलंय सगळं, ऐकत नाहीत,” असं एक जण म्हणाला आणि बऱ्याच माना हलल्या. प्रकरण तिथेच बंद होण्याच्या बेतात होतं.

माहिती कुठे अडली होती

पहिला खरा निर्णय इथे झाला, आणि तो गटातल्या एका ज्येष्ठ परिचारिकेमुळे. त्या म्हणाल्या, पुन्हा परीक्षा घेऊ नका. मावशींबरोबर चाला. आत्ता या जागी सुई टोचली असं समजा, पुढे काय कराल ते करून दाखवा, एवढंच सांगा. हे तिन्ही पाळ्यांत करायचं ठरलं. दिवसाच्या पाळीत फारसं काही हाती लागलं नाही. रात्री मात्र सगळं उघड झालं.

एक मावशी आमच्याबरोबर निघाल्या. आधी मोरी. तिथे नळ होता, साबण नव्हता. साबण परिचारिकांच्या खोलीत, आणि ती खोली रात्री कुलूपबंद. जंतुनाशकाची बाटली मात्र हाताशी होती. मग नर्सिंग काउंटर. सुई टोचल्यावर काय करायचं याचा तक्ता रुग्णालयात होता, व्यवस्थित छापलेला. पण तो काउंटरच्या आतल्या भिंतीवर, औषधांच्या कपाटाच्या वर, बारीक अक्षरात. मावशी काउंटरच्या आत फक्त फरशी पुसायला जायच्या, तेव्हा नजर खाली असायची. मग कॅज्युअल्टी. तिथल्या कारकुनाने कर्मचारी क्रमांक विचारला. मावशींकडे कंत्राटदाराचं ओळखपत्र. संगणकातल्या फॉर्मला क्रमांक दिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. कारकून चांगला माणूस होता, त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी म्हणाला, “मावशी, मग साधा केसपेपर काढा आणि रांगेत बसा.” म्हणजे केसपेपरचे पैसे, आणि रात्रपाळीत वॉर्ड सोडून तासभर रांगेत.

मुकादमाला का नाही सांगायचं, हे विचारल्यावर आधी सगळ्या गप्प. मग एक जण बोलल्या. पूर्वी एका मावशींचा हात कापला होता. ड्युटीच्या वेळेत त्या कॅज्युअल्टीत गेल्या, तर मुकादमाने अर्धा दिवस कापला. त्या मावशी कधीच काम सोडून गेल्या होत्या, पण ही हकिगत सगळ्यांना पाठ होती, अगदी कालपरवा लागलेल्या मुलींनासुद्धा.

मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. मावशींना दोन गोष्टी शिकवल्या गेल्या होत्या. ‘कळवा’ हे प्रशिक्षणात, आणि ‘कळवलं की दिवस जातो’ हे हजेरीपटावर. परीक्षेत त्यांनी पहिल्याचं उत्तर दिलं आणि जिन्यात दुसरं वापरलं. त्यांचं ज्ञान कमी होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. जे ज्ञान त्यांच्या पोटाशी जोडलेलं होतं, ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं.

प्रशिक्षणाकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा तेही समजलं. ते सकाळी उशिरा ठेवलं होतं, कारण वक्त्या डॉक्टर तेव्हा मोकळ्या होत्या. रात्रपाळीच्या मावशी काम संपवून, डोळे मिटत असताना थांबल्या होत्या आणि घरची कामं खोळंबली म्हणून त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. परीक्षेआधी उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली गेली, कारण कंत्राटाच्या बिलाला ‘प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची यादी’ जोडावी लागत होती आणि कोणी नापास झालेलं चालणार नव्हतं. ‘वरिष्ठ’ म्हणजे नेमकं कोण, रात्री कुठल्या दाराशी जायचं, याचा उल्लेख एकाही स्लाइडवर नव्हता.

मग खरं शिक्षण होत कुठून होतं? नव्या बाईला पहिल्या आठवड्यात एका जुन्या मावशींबरोबर जोडीला देत. त्या जे शिकवत त्यातलं बरंचसं उत्तम होतं: पिशवी गळ्याशी धरायची, बुडाखाली हात घालायचा नाही, वरून दाबून हवा काढायची नाही, अंगापासून लांब धरायची. जंतुनाशक ओतायचं हेही त्यांनीच शिकवलेलं. त्यामागे तर्क होता. जे फरशीवरचे जंतू मारतं ते जखमेतलेही मारेल, असं कोणालाही वाटेल. धनुर्वाताचंही तसंच. गंजका खिळा लागला की इंजेक्शन घ्यायचं, हे प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेलं असतं. सुई म्हणजे लोखंडच. चुकीची समजूत हवेतून येत नाही. योग्य माहिती ज्या जागी पोचत नाही, ती जागा जुन्या अनुभवाने भरून निघते.

त्याच वॉर्डातल्या परिचारिकेला सुई लागली असती तर काय झालं असतं, हे डोळ्यांपुढे आणा. तिची लस झालेली. काय करायचं ते पाळी बदलताना कित्येकदा बोललं गेलेलं. जोडीदारीण तिला हाताला धरून कॅज्युअल्टीत नेणार, तिचा क्रमांक टाकल्याबरोबर फॉर्म उघडणार, आणि ती परत येईपर्यंत कोणीतरी तिचे रुग्ण सांभाळणार. इमारत तीच, सुई तीच. फरक होता तो कोण कोणाच्या पगारावर आहे याचा.

आणखी एक प्रश्न आम्ही जवळजवळ विचारायचा विसरून गेलो असतो: सुई त्या पिशवीत आलीच कशी? सुयांचा डबा वॉर्डाच्या एका टोकाला, एकच. तो तीन चतुर्थांश भरला की बंद करून बदलायचा असतो. इथे तो तोंडापर्यंत भरलेला असायचा. घाईतले निवासी डॉक्टर वापरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून पुढच्या खाटेकडे वळायचे, आणि गर्दीच्या रात्री तो ट्रे पिशवीत उपडा व्हायचा. म्हणजे या घटनेत पहिली उणीव सफाई कर्मचाऱ्याच्या ज्ञानातली नव्हतीच. तरीही प्रशिक्षणाच्या यादीत एकाही डॉक्टरचं नाव नव्हतं.

पर्याय

प्रशासनाचा कल होता पुन्हा प्रशिक्षण आणि जागोजागी फलक यांकडे. हे लवकर होतं, खर्च कमी, आणि फाइलमध्ये दाखवता येतं. कंत्राटदाराचं म्हणणं होतं की सुई टोचल्यावर 24 तासांत न कळवणाऱ्याला दंड लावा. त्याला वाटत होतं, यामुळे शिस्त येईल. आमच्या गटाचं मत पडलं की दंडाच्या भीतीने उरलेल्या नोंदीही बंद होतील: टोचल्याचं उशिरा सांगणाऱ्यापुढे मग कधीच न सांगणं हाच सुरक्षित मार्ग उरतो. त्यावर बरीच वादावादी झाली आणि दंडाचा प्रस्ताव मागे पडला.

तिसरा पर्याय आमचा होता. आधी दार उघडा, मग दाराचा पत्ता शिकवा. कॅज्युअल्टीत कंत्राटी माणसाची नोंद होत नसताना त्याला ‘कळवा’ म्हणून शिकवलं, तर तो एकदा जाऊन परत येईल आणि बाकीच्यांना सांगेल की काही होत नाही. पुढचं प्रशिक्षण मग कोणी ऐकणार नाही.

चौथा पर्याय एका डॉक्टरांनी मांडला: सफाई कर्मचाऱ्यांना रुग्णालयाच्याच आस्थापनेवर घ्या. तो समितीच्या अधिकारात नव्हता, म्हणून इतिवृत्तात एका ओळीत संपला. माझ्या मते मुळावर घाव घालणारा पर्याय तोच होता, आणि तो ज्यांच्या अधिकारात आहे त्यांच्यापर्यंत लेखी जायला हवा होता.

‘कंत्राटदाराच्या माणसांची जबाबदारी आम्ही का घ्यायची?’ हा आक्षेप अपेक्षितच होता. इथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981च्या 155 क्रमांकाच्या कराराचा आधार कामी आला. त्याचं 17वं कलम म्हणतं की एकाच कामाच्या जागी दोन किंवा अधिक संस्था काम करत असतील, तर सुरक्षेच्या बाबतीत त्यांनी एकमेकींशी सहकार्य करायचं. 21वं कलम म्हणतं की सुरक्षा आणि आरोग्याच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. 2022 साली संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगारांच्या मूलभूत हक्कांत धरला. केसपेपरचे पैसे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचा खर्च मावशींनी स्वतः करायचा, हे या दोन ओळींसमोर टिकणारं नव्हतं. वैद्यकीय अधीक्षकांना कलमांपेक्षा एक साधा मुद्दा जास्त पटला: तळघरात उतरणारा कचरा रुग्णालयाचा आहे.

काय केलं

कॅज्युअल्टीच्या संगणकात पगारपत्रकाबाहेरच्या कामगारांसाठी वेगळा क्रमांक सुरू झाला. केसपेपर नाही, रांग नाही; ‘सुई लागली’ एवढं म्हटलं की ड्युटीवरचे डॉक्टर पाहतील. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांचे सुरुवातीचे डोस कॅज्युअल्टीच्याच कपाटात ठेवले, म्हणजे रात्री औषधविभाग बंद असला तरी अडायला नको. हे सगळं व्हायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि अडलं होतं ते संगणकातल्या त्या एका रकान्यापाशी.

तपासणीत गेलेला वेळ कामाचा वेळ धरायचा, असं पत्र अधीक्षकांच्या सहीने कंत्राटदाराला गेलं. पत्र फाइलला लावून भागणार नव्हतं. ते हजेरीच्या जागी, मुकादमासमोर, तिन्ही पाळ्यांत मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर एका मावशींनी विचारलं, “आणि आमच्या रक्ताचा रिपोर्ट कोण बघणार?”

हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याच यादीत नव्हता. त्यांची भीती रास्त होती: एचआयव्हीचा रिपोर्ट मुकादमाच्या हाती पडला तर काम जाईल, आणि वस्तीत तोंड दाखवणं अवघड होईल. मग ठरलं की नमुन्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. रिपोर्ट डॉक्टर आणि ती कर्मचारी, या दोघांतच. कंत्राटदाराला फक्त एवढंच कळेल की अमुक वेळ भरपगारी धरायचा आहे. माझी खात्री आहे की हा निर्णय झाला नसता, तर बाकी सगळं कागदावर राहिलं असतं.

लसीकरण हजेरीच्या जागीच, पाळी बदलण्याच्या वेळी केलं. ओपीडीत बोलावलं असतं तर रात्रपाळीच्या बायका आल्याच नसत्या.

शिकवण्याचं काम डॉक्टरांकडून काढून चार जुन्या मावशींकडे दिलं. त्यांना सहकाऱ्यांनीच निवडलं. त्यांना आधी दोन दुपारी समजावून सांगितलं, तेव्हा सर्वांत जास्त वेळ जंतुनाशकावरच गेला. ‘मग ते विषाणू मारत नाही का?’ या प्रश्नाला ‘ओतू नका’ एवढं उत्तर पुरेसं नव्हतं. फरशीवर मारतं, पण सुईने विषाणू कातडीच्या आत नेलेला असतो, वरून ओतलेलं तिथवर पोचत नाही आणि कातडी मात्र सोलवटते, असं सांगितल्यावर त्या मावशी म्हणाल्या, “हे आधी सांगायचं ना!” पुढे त्यांनी हेच वाक्य प्रत्येक पाळीत वापरलं. शिकवणं दहा मिनिटांचं, पाळी सुरू होताना, खऱ्या पिशवीसह आणि मोरीपाशी उभं राहून. मोरीवर साबण आला. तक्ता चित्रांचा केला आणि पिशव्या बांधायच्या जागेसमोर, डोळ्यांच्या उंचीवर लावला. त्यावर कॅज्युअल्टीचा फोन क्रमांक ठळक आहे, दूरवरून दिसतो.

सुयांचे छोटे डबे इंजेक्शनच्या प्रत्येक ट्रॉलीवर आले. पिशवीत सुई सापडली तर ती नोंद वॉर्डाच्या नावावर होईल, सफाई कर्मचाऱ्याच्या नाही, असाही नियम झाला. निवासी डॉक्टरांसाठी सत्र ठेवायचं ठरलं, पण ते पुढे ढकललं जात राहिलं.

निष्पन्न

पहिल्या काही महिन्यांत सुई टोचल्याच्या नोंदी एकदम वाढल्या. प्रशासनातून विचारणा आली की प्रशिक्षणाने लोक बेफिकीर झाले का. ही घडी नाजूक होती. याच टप्प्यावर अनेक उपक्रम गुंडाळले जातात. आम्ही दाखवलं की घटना वाढलेल्या नाहीत, त्या दिसू लागल्या आहेत: बहुतेक नोंदी टोचल्यानंतर काही तासांतच झालेल्या होत्या आणि मावशींनी जागा, वेळ, पिशवी कुठल्या वॉर्डाची, सगळं सांगितलेलं होतं. त्या तपशिलांवरून दोन वॉर्ड लक्षात आले, जिथून सुया सतत येत होत्या. त्यातल्या एका वॉर्डात डबा इतक्या उंचावर टांगला होता की बुटक्या माणसाला तो दिसायचाही नाही.

एक तरुण मावशी सुई लागल्यावर अर्ध्या तासात कॅज्युअल्टीत आल्या. औषध सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यात मळमळीने हैराण होऊन त्या सोडण्याच्या बेतात होत्या. शिकवणाऱ्या चौघींपैकी एकीने त्यांना परत डॉक्टरांकडे नेलं, औषधाची वेळ बदलून घेतली, आणि 28 दिवस पूर्ण झाले. ज्यांच्यापासून प्रकरण सुरू झालं त्या मावशींच्या सहा महिन्यांपर्यंतच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या.

लॉन्ड्रीचा विचार आम्ही केलाच नव्हता. तिथल्या एका कामगाराला चादरीत गुंडाळून आलेली सुई लागली. त्याला कोणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. लिफ्टमध्ये मावशींचं बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं, तेवढ्यावर तो कॅज्युअल्टीत पोचला. तिथे त्याची नोंद झाली, कारण रकाना ‘पगारपत्रकाबाहेरचे’ असा होता, ‘सफाई’ असा नव्हता.

मग वर्षअखेरीस कंत्राट बदललं. नव्या कंत्राटदाराने बरीच नवी माणसं आणली. शिकवणाऱ्या चौघींपैकी दोघी गेल्या. मुकादम नवा, त्याला वेळ भरपगारी धरण्याचं पत्र माहीत नाही. ज्यांचा तिसरा डोस बाकी होता, त्यांच्या लसीच्या नोंदी जुन्या कंत्राटदाराच्या कपाटात अडकल्या. सुदैवाने या लसीत खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढे देता येतो. पण कोणाचा कितवा राहिलाय हे शोधण्यातच बरेच दिवस गेले.

वेगळं काय करता आलं असतं

लसीची नोंद पहिल्याच दिवशी त्या कर्मचारी बाईच्या हातात द्यायला हवी होती. कंत्राटदार बदलतो, तीच बाई दुसऱ्या रुग्णालयात जाते, नोंद तिच्याबरोबर गेली पाहिजे.

क्रम उलटा हवा होता. सुई पिशवीत येऊच नये, यावर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जोर द्यायचा होता. धोका मुळात काढून टाकणं हे माणसाला सावध करण्यापेक्षा नेहमी वरचढ असतं, हे या क्षेत्रात सगळेच मानतात. तरी आम्ही सुरुवात केली ती धोक्याच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसांपासून, कारण त्यांना बोलावणं सोपं होतं आणि डॉक्टरांना बोलावणं अवघड. निवासी डॉक्टरांचं सत्र त्यांच्या रुजू होण्याच्या दिवशीच ठेवलं असतं, तर ते पुढे ढकलता आलं नसतं.

कचरा हातातून हातात जातो त्या सगळ्या जागा सुरुवातीलाच पायी फिरून पाहायला हव्या होत्या: वॉर्ड, जिना, लिफ्ट, लॉन्ड्री, तळघर, कचरा नेणारी गाडी. आम्ही वॉर्डापाशी थांबलो. गाडीवरच्या माणसांशी आजवर कोणी बोललेलं नाही.

दहा मिनिटांचं शिकवणं ज्या मावशी करतात, त्यांचा त्या कामाचा वेळ कंत्राटात लिहिलेला नव्हता; जुन्या मुकादमाच्या भलेपणावर तो चालला होता. पुढच्या निविदेच्या मसुद्यात आता तीन गोष्टी घातल्या आहेत: रुजू होण्याआधी लसीचा पहिला डोस, तपासणीचा वेळ भरपगारी, आणि प्रत्येक पाळीत एका शिकवणाऱ्या कर्मचाऱ्याचा वेळ. मसुदा लेखा विभागाकडे आहे.

एक बाब अजून उरली आहे. लसीचा तिसरा डोस झाल्यावर एक ते दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासतात. प्रमाण 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त असेल तर लस लागू पडली असं धरतात. काही जणांना ती लागू पडत नाही, त्यांना पुन्हा डोस द्यावे लागतात. परिचारिकांची ही तपासणी रुग्णालय करतं. मावशींच्या तपासणीचा प्रस्ताव दोनदा परत आला, दोन्ही वेळा शेरा एकच: ‘कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी तरतूद नाही.’ तिसऱ्यांदा पाठवताना आम्ही कॅज्युअल्टीतल्या नोंदींचा तक्ता सोबत जोडला आहे.